सकाळचा कान

हिरामणभाऊ कुणालाही पहिली हाक समोरून मारत नसत. माणूस पाठमोरा होईपर्यंत ते थांबत, मग चार पावलांवर उभं राहून ओठातल्या ओठात त्याचं नाव घेत. तो वळला तर स्वतःशीच मान हलवत. नाही वळला तर एक पाऊल पुढे सरकून पुन्हा. लग्नात नवरदेवाच्या मागे उभं राहून त्यांनी हे केलेलं मी पाहिलंय, आणि रेशनच्या रांगेतही. जळगावच्या आमच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ते कान तपासायचं काम करत, पण ही तपासणी दवाखान्याबाहेरही चालू असे आणि ती कुणी मागितलेली नसे.

माझ्यावरही ती झाली. डिप्लोमा संपवून मी धुळ्याहून नोकरीसाठी आले होते. मुलाखतीला वेळ होता म्हणून बाकावर फोन बघत बसले होते, तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी हळू "सुवर्णा" म्हणालं. मी इतक्या झटक्यात वळले की मांडीवरची फाइल खाली आणि सगळी सर्टिफिकेटं फरशीवर. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि कान तपासायचा एक चकचकीत ट्यूनिंग फोर्क, साठीकडे झुकलेला एक उंच माणूस माझ्याकडे बघत होता. "कान चांगला शे," तो म्हणाला, "पन घाई भलती शे." दोन्ही निदानं बरोबर होती. घाई हा माझा जन्मजात आजार आहे. हे लिहितानाही मी तीनदा उठून गॅसवरचं दूध बघून आले.

ते शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी धुळ्याकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये, त्या खडखडाटात, अकरा वर्षं फिटर होते, मग कुणाच्या तरी ओळखीने दवाखान्यात आले, शिकले आणि टिकले. डॉक्टरांशी पुस्तकी मराठी बोलत, पेशंटशी अहिराणी, आणि रागावले की दोन्हींची खिचडी. एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. चहा उभ्याने, डबा उभ्याने. जाता-येता बोटांच्या पेरांनी प्रत्येक वस्तू वाजवून बघायची खोड. माठ, कलिंगड, भिंत, दरवाजा, कशालाच सोडत नसत. डॉक्टरांनी हौसेने नवीन टेबल आणलं तर ते ठोकून म्हणाले, "आतमाईन पोकळ शे, सायेब. दुकानदारनी फसाडं तुम्हले." डॉक्टर दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

पेशंटला कान समजावून सांगताना मात्र त्यांचा उतावळेपणा कुठे जाई कोण जाणे. प्लॅस्टरचा एक मोठा कान होता, आतले भाग सुटे करता येणारा. त्यातलं सगळ्यात छोटं हाड, रिकीब, कधीचं हरवलं होतं. त्या जागी भाऊंनी ज्वारीचा दाणा चिकटवला होता. "खरं हाड बी एवढंच व्हस," ते सांगत. मग पडदा, पडद्याला टेकलेली हातोडी, तिच्यापुढे ऐरण, तिच्यापुढे हा दाणा. आवाज पडदा हलवतो, पडदा हाडं हलवतो, दाणा आतल्या शंखातलं पाणी हलवतो, आणि त्या पाण्यात बारीक केसांच्या रांगा उभ्या असतात, त्या डुलल्या की मेंदूला खबर जाते. "कान नुसता पोष्टमन शे. चिठ्ठी वाचस तो मेंदू." शंखाच्या दाराशी शिट्टीसारख्या बारीक आवाजाचे केस, आत टोकाला ढोलासारख्या जाड आवाजाचे. दाराशी असलेले आधी मरतात, आणि मेले की पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ ही अक्षरं त्या बारीक आवाजावर चालतात. म्हणून म्हातारा माणूस सांगतो की आवाज येतो पण बोलणं समजत नाही, आणि सुना म्हणतात की म्हातारा ढोंगी आहे. हे ऐकताना बाहेर रांगेत बसलेल्या सुनाही माना लांब करून ऐकायच्या.

"डोयाले पापनी शे," ते म्हणायचे, "तोंडले व्होट शेतस, नाक दाबता येस. कानले तेवढं दार नही. झोपमा बी तो उघडाच." म्हणून कानाची काळजी जास्त घ्यायची, असं त्याचं तात्पर्य. जिनिंगची, पॉवरलूमची पोरं तपासायला आली की त्यांना ते कापसाचे बोळे नव्हे, औषधाच्या दुकानातले कानात घालायचे फोमचे बोळे घ्यायला लावत आणि घातल्याशिवाय सोडत नसत. स्वतः अकरा वर्षं काय घातलं होतं, असं मी एकदा विचारलं. "टोपी," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला गेले.

बहिरेपणाचं सोंग घेऊन सर्टिफिकेट मागायला येणाऱ्यांना पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. एक गृहस्थ दोन्ही कानांनी ठार बहिरे म्हणून आले. कितीही मोठा आवाज सोडा, ऐकू आल्याचं बटण दाबेनात. भाऊ शांतपणे मशीन बंद करून माझ्याकडे वळले आणि त्यांच्याकडे पाठ करून पुटपुटले, "बिचारानी प्यांटनी चेन उघडी शे, माय, कसं सांगू?" गृहस्थांचा हात विजेसारखा खाली गेला. पण भाऊ नंतर म्हणाले, ही माणसं सोपी. अवघड ती, जी ऐकू येत असल्याचं सोंग घेतात. त्यांची खूण त्यांनी मला शिकवली होती. असा माणूस दोनदा 'काय?' म्हणतो आणि तिसऱ्यांदा नुसता हसतो.

आमच्या कामात रोज सकाळी एक गोष्ट करावीच लागते. पहिला पेशंट यायच्या आधी, तपासणाऱ्याने हेडफोन स्वतःच्या कानांना लावायचा आणि मशीनचे सगळे आवाज, जाड्यापासून बारक्यापर्यंत, डाव्या-उजव्या बाजूला ऐकून बघायचे. मशीन खरं बोलतंय ना, हे कळायला दुसरा स्वस्त मार्ग नाही. भाऊ याला 'सकाळचा कान' म्हणत. तो झाला की वहीत तारीख, 'ठीक' आणि सही. ही वही त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. मला तिथे दोन वर्षं होत आली होती, बाकी सगळं माझ्यावर सोडत, पण सकाळचा कान त्यांचाच. "आधी आपला कान, मंग लोकस्ना," असं म्हणत ते आठ वाजताच तपासणीच्या आवाजबंद बूथमध्ये उभे असत. तिथेही उभेच.

सप्टेंबरच्या शेवटी एका शनिवारी माझी धुळ्याची बस चुकत होती. हेडफोन हुकावर अडकवायचा असतो, तो मी लांबूनच टाकला. तो निसटला आणि फरशीवर उजव्या अंगावर आपटला. उचलला, कानाला लावला, एक जाडा आवाज सोडून बघितला. येत होता. ठेवला आणि पळाले. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी मी पोचायच्या आत भाऊंनी सकाळचा कान उरकून 'ठीक' लिहून सही ठोकली होती. मशीन ठीक आहे म्हटल्यावर उगाच बोलणी कशाला खायची, असा विचार मी केला.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावत होतो. मागच्या निंबाखाली रातकिड्यांनी असा गिल्ला केला होता की मला किल्लीचा आवाज येईना. भाऊ निंबाकडे बघत म्हणाले, "औषध फवारी फवारी लोकस्नी बठ्ठा रातकिडा मारी टाकात. या साली एक बी बोलस नही." मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

बसमध्ये बसले आणि एकेक आठवू लागलं. सिस्टरचा थर्मामीटर त्यांच्या हातात टीं टीं करत राहतो आणि ते तसाच धरून बसतात. हल्ली पेशंटने काही सांगितलं की दोनदा 'काय?' आणि मग हसू. म्हणजे भाऊंचे बारीक आवाज गेले होते. आणि तेच रोज सकाळी मशीनचे बारीक आवाज ऐकून 'ठीक' लिहीत होते. आणि हेडफोन मी पाडला होता. धुळं येईपर्यंत मी खिडकीची काच वर-खाली करत राहिले, पुढच्या सीटवरच्या बाईंनी शेवटी हातच धरला माझा.

आणि मी काय केलं? काही नाही. ज्याने मला काम शिकवलं त्या माणसाला, तुम्हाला ऐकू येत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं, हे एक कारण. ते सांगितलं की हेडफोनचंही निघणार, हे दुसरं. पहिलं कारण मी स्वतःला मोठ्याने सांगायचे आणि दुसरं हळू.

त्याच दिवसांत पूजा आली. पहूरची, बावीस वर्षांची, वडिलांचं तिथे स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. नाशिकच्या एका कारखान्यात तिची निवड झाली होती आणि कानाचा रिपोर्ट मागितला होता. तपासलं भाऊंनी, टाइप केलं मी. डावा कान सरळ रेघ, म्हणजे ठणठणीत. उजवा कान जाड्या आवाजाला चांगला आणि बारीक आवाजाला घसरलेला. म्हाताऱ्यांचे असे रिपोर्ट आम्ही त्या आठवड्यांत कितीतरी दिले, कुणाला वावगं वाटलं नाही, कारण म्हाताऱ्यांचे असेच येतात. पण एवढ्या तरुण मुलीचा एकच कान गेलेला बघून डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. नसेवर गाठबिठ नाही ना हे बघायला डोक्याचा एमआरआय करा म्हणाले. कारखान्याने कळवलं की कानाचा निकाल लागेपर्यंत रुजू करून घेता येणार नाही, आणि सोमवारपर्यंत नीट कागद आला नाही तर जागा दुसऱ्याला.

मला कळलं होतं का? हो, कळलं होतं. टाइप करताना बोटं थांबली होती. तरी मी प्रिंट काढली.

शुक्रवारी तिचे वडील, सुभाषभाऊ, एकटेच आले. हाताला ग्रीस तसंच. "मॅडम, माही पोरगी आठ रोज झाले उजव्या बाजूनं कोनाशी बोलतच नाही," ते म्हणाले. "मान अशी वाकडी करून डावा कान पुढं करते. फोन बी डाव्याच कानाले. आधी तं चुलीपाशी कोनी बारीक बोललं तरी तिले ऐकू जाये. काहून असं झालं एकदम? डोक्यात गाठ असंन का हो?" त्यांना बाकावर बसवून मी बूथमध्ये गेले आणि हेडफोन लावला. डावीकडे बारीक शिट्टी स्वच्छ. उजवीकडे तीच शिट्टी, त्याच आकड्यावर, मच्छर लांब कुठेतरी असावा तेवढी.

भाऊ कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, नीट ओठ दिसतील अशी, आणि सगळं एका दमात सांगितलं. हेडफोन, रातकिडे, थर्मामीटर, पूजा. ते मधे एकदाही 'काय?' म्हणाले नाहीत. भिंतीवर दोनदा बोटं वाजवली. मग म्हणाले, "चाल. मशीनवर तू बस."

बूथमधल्या स्टुलावर ते बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. हेडफोनची चांगली, डावी बाजूच पाळीपाळीने दोन्ही कानांना लावायची असं त्यांनीच ठरवलं. मी आवाज सोडणार तेवढ्यात त्यांनी आतून काचेवर टकटक केलं. "पाठ फिराव. नहीतं तुना खांदा हालना का मी बटन दाबसू. माले सवय शे." मग मला कळलं की ही सवय त्यांना किती दिवसांची असेल. मी पाठ फिरवली. जाडे आवाज त्यांनी झटाझटा पकडले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांच्या बटणाचा दिवा लागेना. मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले. माझे डोळे भरून आले होते आणि पाठ फिरवलेली आहे याचं बरं वाटत होतं.

बाहेर येऊन त्यांनी आलेख बघितला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. "जिनिंगना कान," एवढंच म्हणाले. मी रडत म्हणाले, "भाऊ, हेडफोन मी पाडला, चूक माझी आहे." "पाडनं तुनं," ते म्हणाले, "ऐकनं मनं. ऐकाना पगार मी लेस."

डॉक्टर वाईट नव्हते, पण दवाखाना त्यांचा होता. ते म्हणाले, पूजाची तपासणी दुसरीकडे करून घेऊ आणि आपल्याकडून लिहून देऊ, यंत्रातील तांत्रिक बिघाड. बाकीचे जसे येतील तसे बघू. भाऊ पुस्तकी मराठीत बोलायला लागले तेव्हाच मी ओळखलं की हे ऐकणार नाहीत. "साहेब, एक दवाखाना नापास म्हणतो, एक पास म्हणतो. कारखान्याने कुणाचं खरं मानायचं? खोटा रिपोर्ट खोटा कसा झाला, ते लिहिल्याशिवाय खऱ्या रिपोर्टला किंमत नाही. लिहा, की रोज मशीन तपासणाऱ्याला बारीक आवाज ऐकू येत नव्हते. माझा आलेख जोडा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हिरामण, हे लिहिलं की तुला या खोलीत ठेवता येणार नाही मला." "माहीत आहे."

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणि हेडफोन पडला कसा?"

मी तिथेच उभी होते. भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं, फार वेळ नाही, पेशंटला बटण दाबायला देतात तेवढाच वेळ. मी फरशीकडे बघितलं. "मना हातमाईन पडना, सायेब," ते म्हणाले, आणि 'माझ्या हातून पडला' असंच कागदावर लिहिलं गेलं.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही पहूरला निघालो. बस रिकामी होती तरी भाऊ दांडीला धरून उभे. मी म्हणाले, तुम्ही खोटं का लिहिलंत? त्यांनी जे उत्तर दिलं ते मला पाठ आहे. "कागदवर दोन नावं लिखी का चूक दोन्हीस्ना मझार, मधेच, पडी जास, माय. कोनीच उचलत नही. एकच नाव ऱ्हावाले पाहिजे." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि सुटल्याचा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची मला आजपर्यंत लाज वाटते.

पूजा तयारच होईना. "परत तपासून काय होणार?" ती म्हणाली. "मला खरंच येत नाही उजव्या बाजूने. मी घरी करून बघितलंय." तिने मान डावीकडून पुढे काढली होती, तिच्या वडिलांनी सांगितलं होतं तशी. एका कागदाने आठ दिवसांत एका धडधाकट मुलीची मान वाकवली होती आणि तो कागद मी टाइप केला होता. भाऊ घराकडे पाठ करून अंगणात फिरू लागले. ती पाणी भरायला नळाकडे वळली तसे ते तिच्या उजव्या मागच्या अंगाला गेले आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "पूजा." ती वळली. उजव्या खांद्यावरून, थेट त्यांच्याकडे.

"एका कानवर माणूस वळस, पन कोनतीकडे वळनं ते त्याले समजत नही," भाऊ सुभाषभाऊंना म्हणाले. "तुमनी पोर बरोबर मनाकडे वळनी." तरी त्यांचं समाधान झालं नाही. तिला डाव्या कानात बोट घालून ते हलवत ठेवायला सांगितलं, म्हणजे तो कान खरखरीत गुंतून राहतो. मग मागे हातभर अंतरावर उभं राहून ते कुजबुजले, "साखर." "साखर," ती म्हणाली. "शेत." "शेत." "फास." "फास." प्रत्येक शब्दाला भाऊ माझ्याकडे बघत होते. आधी मला कळेना का. मग कळलं. ती पाठमोरी होती, तिचे ओठ त्यांना दिसत नव्हते, आणि ती बरोबर म्हणाली की नाही हे त्यांना समजत नव्हतं. मी मान हलवत होते आणि ते पुढचा शब्द टाकत होते. सुभाषभाऊ खाटेच्या कडेला बसून ग्रीसचे हात पँटला पुसत होते, पुसतच होते.

दुपारी ऊन डोक्यावर घेत आम्ही चौघं धुळ्याला. तिथल्या दवाखान्यात भाऊंनी बाहेरूनच सांगितलं, "आधी तुमनं मशीन दुसरा कोनी तरी तपासा, मंग पोर तपासा." तिथला माणूस चिडला, पण त्याने तपासलं. दोन्ही कान सरळ रेघ. पूजा बाहेर आली, रिपोर्ट वाचला, रडली नाही. फोन काढून उजव्या कानाला लावला आणि आईला सांगितलं. बोलून झाल्यावरही तिने तो तिथेच धरून ठेवला होता. सोमवारी ती नाशिकला रुजू झाली.

भाऊंना डॉक्टरांनी नंबर पुकारायच्या कामावर राहायला सांगितलं होतं. ते राहिले नाहीत. पण जाण्याआधी त्यांनी वहीवरून त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्यांची नावं उतरवून घेतली आणि दिवाळीपर्यंत गावोगाव फिरले. भुसावळपासून शिंदखेड्यापर्यंत, प्रत्येकाच्या दारात जाऊन तेच वाक्य: मना कान खराब व्हता, तुमना रिपोर्ट खोटा शे, परत या. काहींनी चहा पाजला. एका माणसाने शिव्या दिल्या, आणि भाऊ मला फोनवर म्हणाले की त्या नीट ऐकू आल्या, जाड्या आवाजात होत्या. फोन करायचे तो मी घाई न करता नीट बोलते की नाही हे बघायला. कानाचं मशीन लावून घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. "लावसू, लावसू," म्हणायचे. मग गावी गेले, शेतात रमले म्हणे. रमणं म्हणजे काय, बांधावरून चालत राहणं.

सकाळचा कान आता मी करते. दर सहा महिन्यांनी स्वतःचा आलेखही काढून घेते, दुसऱ्याच्या हातून. पण डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिले की दरवेळी ते वाक्य घशापर्यंत यायचं आणि मी पेशंटच्या फाइलबद्दल काहीतरी विचारून बाहेर पडायचे. आज सांगू, उद्या सांगू. घाई माझा आजार आहे म्हणते मी, पण या एका बाबतीत दोन वर्षं मला कसलीच घाई झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. चालता चालता, बांधावरच. हृदयाचं काहीतरी होतं. पुण्यानुमोदनाला मी त्यांच्या गावी गेले. डॉक्टर आले होते, पूजाही नाशिकहून आली होती. मंडपात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी भाऊंचा हाफ शर्टातला फोटो. वंदना झाली, मग माणसं एकेक करून उठून चार शब्द बोलू लागली. डॉक्टर चांगले बोलले. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणारा असा माणूस मी पाहिला नाही, म्हणाले. हेडफोन आपल्या हातून पडला हेसुद्धा त्याने लपवलं नाही.

मी उठून उभी राहिले. माईक हातात घेतला तर तो शिट्टी मारायला लागला, मग बाजूला ठेवून तसंच बोलले. "हेडफोन भाऊंनी नाही पाडला. मी पाडला. मी तिथे उभी होते आणि बोलले नाही." आणखी बरंच बोलायचं ठरवून आले होते, ते काहीच आठवेना. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पहिल्या रांगेत खाली बसलेल्या भाऊंच्या बायकोकडे, शांताकाकूंकडे बघितलं. घरी तरी भाऊंनी खरं सांगितलं असणार, असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

काकूंनी पदर सावरला. "त्यास्नी तं माले बी सांगं व्हतं, मनाच हातमाईन पडना," त्या म्हणाल्या. "दोन वरीस मी त्यास्ले बोलेल शे. तुमना हात कसा थरथरना, तुमनामुळे नोकरी गई म्हनीसन. रोज बोलेल शे." मग त्या फोटोकडे वळल्या आणि मंडपात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, रागावून म्हणाल्या, "माले तरी सांगानं व्हतं ना तुम्ही."